सोमाजी खोटं का बोलला?

कमलबाईंच्या दोन चुका झाल्या होत्या. तिसरी झाली की गेम संपणार होता.

गोंडपिपरीच्या वाचनालयात दुपारचे दोन वाजले होते. मी त्यांच्या मागे वही घेऊन बसले होते. आमच्या कामात याला प्लेटेस्ट म्हणतात. गेम बाजारात जाण्याआधी, तो कधीच न पाहिलेल्या माणसाला खेळायला द्यायचा आणि आपण गप्प बसून बघायचं. मदत करायची नाही. मानसुद्धा हलवायची नाही.

मी गेमसाठी कोडी लिहिते. आमच्या गेममध्ये धावपळ नसते, गोळीबार नसतो. याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. पडद्यावर चित्र, खाली पात्रांचं बोलणं, आपण वाचत जायचं. मध्येच कोडं येतं आणि ते सुटेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही. लोकांना याचं वेड का लागतं, असं मला नेहमी विचारतात. मला वाटतं, गोष्ट ऐकताना आपल्याला सहसा कुणी विचारत नाही, ‘तुझं काय मत?’ इथे विचारतात, आणि उत्तरासाठी थांबतात.

त्या दिवशीचं कोडं असं होतं. भरदुपारी बाराला नदीघाटावरचा डोंगा, म्हणजे गावाची लाकडी होडी, कुणीतरी सोडून दिला. तो वाहून गेला आणि एक आजारी बाई नदीपलीकडे अडकली. गावातल्या सहा जणांचे जबाब वाचायचे आणि खोटं बोलणारा ओळखायचा. माझं उत्तर होतं चक्कीवाला. तो म्हणतो, बाराला मी दळत होतो. दुसऱ्या एका जबाबात येतं की अकरापासून लाईट नव्हती. झालं.

कमलबाई पोंभुर्णा तालुक्यातल्या एका गावच्या निवृत्त अंगणवाडी सेविका. आयुष्यात गेम खेळल्या नव्हत्या. पण सकाळपासून पहिली दोन प्रकरणं त्यांनी चहासुद्धा न घेता संपवली होती. आणि आता या तिसऱ्या प्रकरणात त्या सोमाजी नावाच्या म्हाताऱ्यावर बोट ठेवत होत्या. एकदा ठेवलं. ‘चूक.’ सगळे जबाब परत वाचून पुन्हा सोमाजीच. ‘चूक.’

पुण्याहून आमचा प्रोड्यूसर अनिरुद्ध त्यांचा पडदा त्याच्या लॅपटॉपवर बघत होता. त्याचा मेसेज आला. ‘पस्तीस मिनिटं झाली. कोडं फार अवघड आहे. थांबव त्यांना.’

फाईल परवा संध्याकाळी बंद होणार होती. त्यानंतर एक अक्षर बदलता येत नाही. मुख्य कोडी पहिल्यांदाच माझ्या एकटीवर सोपवली होती. कोडं अवघड निघालं, तर ते उडवून नुसती गोष्ट ठेवायची, असं आधीच ठरलं होतं.

“बाई, थांबायचं का?” मी विचारलं.

“काऊन? मले सांगू दे ना याले.” त्या पडद्याकडेच बघत होत्या. बोट पुन्हा सोमाजीच्या दिशेने निघालं होतं.

मी नियम मोडला. “बाई, सोमाजीच का?”

“तो सांगून राह्यला का बाराले मोहफुलं वेचत होतो. दुपारी मोह कोण वेचते, पोरी? पहाटे पडते, सकाळीच वेचा लागते. दुपारपर्यंत ढोरं ठेवतात का काही?”

मी चंद्रपूर शहरात वाढले. मोहफुलं पाहिली ती बाजारात, वाळलेली. सोमाजीचा जबाब मी पाच मिनिटांत लिहिला होता, जागा भरायला.

“आणि चक्कीवाला?” मी विचारलं. “लाईट नव्हती ते?”

“ते तर तवाच दिसलं. पण ते लईच सोपं होतं. मले वाटलं, मुद्दाम ठेवलं आमाले फसवाले.”

मी बाहेर जाऊन अनिरुद्धला फोन लावला.

“किती जणांना हे मोहाचं माहीत असणार?” तो म्हणाला. “सोडून दे.”

“एकीला माहीत होतं. ती बरोबर होती, आणि आपण तिला दोनदा चूक म्हणालो.”

“मग वेळ बदल. सकाळ कर.”

“सकाळ केली तर बाराला तो कुठे होता, हे उरतंच. शिवाय त्याचा आवाज रेकॉर्ड झालाय.”

“मग तूच सांग. परवा संध्याकाळ. त्यापुढे मी काही करू शकत नाही.”

मी आत आले तेव्हा कमलबाई पडद्यासमोरच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “पण तो खोटं काऊन बोलला?”

मला माहीत नव्हतं. ज्या माणसाला मी जन्म दिला, तो दुपारी कुठे होता हे मला सांगता येईना. मी तसं कबूल केलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्या गावचा एक जण दुपारी अंगणवाडीत ये. पोरं घरी गेल्यावर. सही शिकाले. घरी सांगे, जंगलात जातो म्हणून. नातवाईत हसू होईल म्हणून लाजे.”

दुसरा अख्खा दिवस मी त्याच वाचनालयात लिहीत बसले. सोमाजीचा पहिला जबाब तसाच ठेवला. त्याला पकडलं की आता ‘चूक’ येत नाही. तो खाली बघतो आणि ज्या पाटीवर दुपारी लपून सही गिरवतो, तिच्याबद्दल सांगतो. अकरा वाक्यं, आवाजाशिवाय. मग खेळणारा चक्कीवाल्याकडे वळतो. तिसऱ्या दिवशी चालवून बघताना दोन वेळा गेम मध्येच बंद पडला. तिसऱ्यांदा चालला, तेव्हा फाईल बंद व्हायला चार तास उरले होते. मी लॅपटॉप घेऊन थेट कमलबाईंच्या घरी गेले.

त्यांनी सोमाजीवर बोट ठेवलं. अकरा वाक्यं सावकाश वाचली. पदराने चष्मा पुसला. मग चक्कीवाल्याला पकडलं.

“आता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पलीकडची बाई वाचली का नाई, ते दाखव.”

फाईल वेळेत गेली. गेम आला तेव्हा खेळणाऱ्यांनी सोमाजीबद्दल खूप लिहिलं. चक्कीवाल्याच्या लाईटचं माझं हुशार कोडं कुणालाही आठवलं नाही.

अवघड कोड्यावर माणूस रागावत नाही. बरोबर उत्तर देऊनही चूक ठरला, की मात्र उठून जातो. कमलबाई उठल्या नाहीत, हे आमचं नशीब. त्याच्या भरवशावर वेळापत्रक आखता येत नाही.