फिन्टनच्या डोक्यावरची निळी फळी

किलडूरा गावात अट्रॅक्टा मॅकगोल्ड्रिकला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी केली नाही असाही नाही. तीस वर्षं ही बाई ओहोटीच्या वेळा सांभाळत, खडकांवर वाकून समुद्रशेवाळ खुडत आली. ते दुधात उकळून पिऊन अर्ध्या गावाचा खोकला गेला. तिचे मात्र गुडघे गेले. सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "जरा पोहत जा." त्यांच्या मनात शहरातला गरम पाण्याचा तलाव होता. बाईंनी कुणा उन्हाळी भाडेकरूने मागे टाकलेली सर्फिंगची निळी फळी उचलली आणि थेट अटलांटिक गाठला.

नऊ वर्षं ती पुळणीवरच्या लाटांवर स्वार झाली. पुळण माणसाला सांभाळून घेते. पडलात तर खाली वाळू. पण गावाची खरी लाट टोकावर. तिथे खडकाचं नाक समुद्रात घुसलंय, आणि त्या नाकापाशी उठलेली लाट पार होड्यांच्या धक्क्यापर्यंत उलगडत जाते. तिथला नियम एकच: लाट जिथून फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. बाकीच्यांनी मुकाट मागे सरायचं. हा नियम राखायचा मक्ता स्वतःहून घेतला होता फिन्टनने, अट्रॅक्टाच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने. नवख्यांना तो कडेला बसवायचा आणि उरलेल्यासुरलेल्या लाटा द्यायचा. नऊ वर्षांनंतरही त्याच्या लेखी अट्रॅक्टा नवखीच.

"टोकापासून धक्क्यापर्यंत एक लाट, फक्त एक," तो मागच्या हिवाळ्यात भर दुकानात म्हणाला होता. "जमलं तर तुझी फळी डोक्यावर घेऊन चर्चसमोरून नेतो. रविवारी. लोक बाहेर पडत असताना!"

"आणि त्या अंगाला चिकटणाऱ्या रबरी वेटसूटमध्येच," बाई म्हणाल्या. "ते पोट गावाला दिसू दे एकदा."

ऑक्टोबरातला हा रविवार तिच्यासाठी शेवटचा होता. मंगळवारी गुडघ्याचं ऑपरेशन. वर्षभर फळीला हात लावायचा नाही, आणि मग बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. छप्पन्न वर्षांच्या बाईला 'मग बघू'चा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

धक्क्यावर धाकटी बहीण डिंप्ना, म्हणजे फिन्टनची बायको, तिला वेटसूटमध्ये कोंबत होती.

"पोट आत घे की गं!"

"आतच आहे. हा मेला सूट आटलाय."

डिंप्नाने किटलीतलं कोमट पाणी तिच्या रबरी बुटांत ओतलं, टोपी कानांवर ओढली आणि पाठीत एक धपाटा घालून तिला पाण्यात सोडलं.

टोकावर फिन्टन धरून पाच पुरुष आधीच बसले होते. बसायची खूण फिन्टननेच वीस वर्षांपूर्वी ठरवलेली: किनाऱ्याकडे बघायचं, चर्चचा मनोरा आणि फिन्टनच्या परसातली चाकांवरची जुनी कॅरव्हॅन एका रेषेत आली की तीच जागा. पाचही जण रेषेत होते. अट्रॅक्टा त्यांना ओलांडून टोकाच्या दिशेने आणखी चाळीसेक पावलं हात मारत गेली.

"अट्रॅक्टाबाई, तिकडे कुठे? खेकडे धरायला?"

"सासूला भेटायला!"

सासू म्हणजे पाण्याखालची एक शिळा. नाव शेवाळ खुडणाऱ्या बायकांनी ठेवलेलं. हलत नाही, दिसत नाही, आणि चुकलात की सोलून काढते. महिन्यातून दोनदा, सगळ्यात मोठ्या ओहोटीलाच ती तोंड दाखवते. फिन्टनला लाट वरून माहीत होती. अट्रॅक्टाला खालून माहीत होती, दगड न् दगड. अर्ध्या भरतीला सासूवरचं पाणी आधी खोल बसतं, आणि तिथून वीस पावलांवर लाट उभी राहते.

पहिल्या लाटेने बाईंना उचलून आपटलं. नाकातोंडात पाणी घेऊन ती वर आली तेव्हा पाचही जण खिदळत होते.

"सासूने घरात घेतलं नाही वाटतं!"

गुडघ्यात कळ गेली होती. 'आता पुरे,' असं अट्रॅक्टाच्या मनात आलं, आणि तेवढ्यात सासूवरचं पाणी बशीसारखं खोल बसलं.

तिने फळी वळवली आणि हात मारले. मागून समुद्र उभा राहिला. एका झटक्यात उठणं तिला कधीच जमलं नव्हतं. आधी उजवा गुडघा, मग आईबापाच्या नावाने एक शिवी, मग डावा पाय. आजही तसंच झालं, फक्त शिवी जरा मोठ्याने निघाली. फिन्टनही तीच लाट धरायला निघाला होता. त्याने मान वळवली, तर वर, लाटेच्या फुटत्या तोंडाशी मेव्हणी उभी!

"सरक!" ती गरजली.

नियम त्याचाच. तो सरकला.

एकामागून एक पाच तोंडं तिच्या बाजूने गेली, आणि पाचही उघडी होती. हिरवीगार भिंत तिच्या खांद्याशेजारून उलगडत राहिली, फळीच्या टोकाखालून पाणी फर्र करून कापलं गेलं. जुना बर्फाचा कारखाना मागे पडला, होड्या जवळ आल्या, आणि धक्क्यावर डिंप्ना किटली हवेत फिरवत नाचताना दिसली. गुडघे थरथरत होते, पण धरून होते. धक्क्याशी लाट संपली तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उभं राहून अट्रॅक्टाने दोन्ही हात वर केले आणि आकाशाकडे बघून ती असं काही ओरडली, की चर्चमधली प्रार्थना क्षणभर थांबली, असं निदान डिंप्ना तरी सांगते.

चर्च सुटलं. पुढे लंगडत, बुटांतून पचक पचक आवाज करत अट्रॅक्टा. मागे काळ्या वेटसूटमध्ये फिन्टन, डोक्यावर नऊ फुटी निळी फळी. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

"सरळ धर रे, झुकतेय," बाई म्हणाल्या.

आपल्या घरापाशी फिन्टन थबकला. कॅरव्हॅन नेहमीच्या जागी नव्हती. चाळीसेक पावलं धक्क्याच्या बाजूला, पार कुंपणाला टेकून उभी होती.

"ही कुणी हलवली?"

"मी," डिंप्ना म्हणाली. "काल ट्रॅक्टर बोलावून. कोंबड्यांना ऊन मिळत नव्हतं. गुरुवारी सांगितलं होतं, तू टीव्हीकडे बघत 'बरं' म्हणालास."

फिन्टनने कॅरव्हॅनकडे पाहिलं, मनोऱ्याकडे पाहिलं. सकाळभर चुकीच्या जागी बसलेले ते पाच शहाणे त्याच्या डोळ्यांसमोर आले. त्याने फळी अलगद भिंतीला टेकवली.

"अट्रॅक्टा," तो हळूच म्हणाला, "ती सासू नक्की कुठे आहे?"

"मंगळवार होऊ दे, गुडघा नवा येऊ दे," ती ओली टोपी पिळत म्हणाली. "पुढच्या ऑक्टोबरात माझ्या मागे येऊन कडेला बस. दाखवीन."