उजव्या बाजूचा दिवा

“लागला का रे?”

“नाही लागला!”

“आता?”

“नाही, आबा!”

“नीट बघ! डोळे उघडून बघ!”

आबा गाडीत स्टिअरिंग धरून ओरडत होते, आणि मी गाडीच्या मागे उकिडवा बसून उजव्या दिव्याच्या काचेला नाक लावून ओरडत होतो. सकाळपासून बापलेकांचं बोलणं एवढंच. शेजाऱ्यांचा पोपट दुपारपर्यंत “नाही लागला, नाही लागला” म्हणायला शिकला. कुणाला खोटं वाटत असेल तर पोपट आता हयात नाही, पण पिंजरा दाखवू शकतो.

दिवस लग्नसराईचे, म्हणजे खानदेशातल्या उन्हाचे. बोनेटवर पापड भाजून निघाले असते. मायने तेवढं केलं नाही, कारण बोनेटवर मिस्तरीची पक्कड आणि पान्हे मांडलेले होते.

मी तेव्हा जळगावला पिंप्राळ्यात राहायचो. आठवडाभर ऑफिसात मान मोडायची आणि सुटीच्या दिवशी एसटीने पाचोऱ्याच्या पुढे आमच्या गावी यायचं, आराम करायला. आराम म्हणजे त्या गाडीखाली पाठीवर पडून राहणं. त्या काळात मला आभाळापेक्षा तिचं पोटच जास्त ओळखीचं झालं होतं. आबांनी ती केळीच्या एका चांगल्या हंगामात जळगावच्या एका मारवाडी शेठकडून घेतली, तेव्हाच ती इतकी जुनी होती की शेठ तिला ‘तुम्ही’ म्हणायचा.

वळायचं असलं की आबा हात दाखवत. वळताना लावायच्या दिव्याची दांडी त्यांनी उभ्या जन्मात हलवली नव्हती. त्यांचा उजवा हात खिडकीबाहेर आला की मागचे ट्रक, बैलगाड्या, एसट्या जागच्या जागी उभ्या राहायच्या. पाचोऱ्याच्या फाटकाजवळ त्यांनी एकदा हात काढला तर मालगाडी थांबली होती, असं गावात सांगतात. सांगायला सुरुवात मीच केली, पण आता गावच सांगतं.

मग त्यांचा खांदा धरला. हात जेमतेम कोपरापर्यंत बाहेर यायला लागला. मागच्याला वाटायचं, म्हातारा ऊन किती तापलंय ते बघतोय. आणि मागच्या आठवड्यात, मळ्याच्या वाटेला उजवीकडे वळताना, मागून भरधाव ट्रक आला. त्याला बिचाऱ्याला काय कळणार? त्याने ट्रक वाचवला तो थेट नांगरलेल्या काळ्या रानात नेऊन. खाली उतरून ड्रायव्हर जे बोलला ते आबांच्या म्हणण्याप्रमाणे पंजाबीत होतं. माय म्हणते, चांगलं मराठीत होतं.

माय गाडीतच होती. घरी आल्यावर तिने किल्ली काढून घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. माय दोंडाईचाकडची. आमच्या गावात इतकी वर्षं काढूनही ती अहिराणीच बोलायची, आणि रागावली की जास्तच.

“दिवा लागना ते गाडी चालाडा,” ती म्हणाली. “नही ते किल्ली मनाजोडे.” म्हणजे तिच्याजवळच.

आज तिने किल्ली दिली होती ती दिवेलागणीपर्यंत, दुरुस्तीपुरती. आबांचं दुखणं मला माहीत होतं. किल्ली गेली की त्यांना मळ्यात जायला रोज कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसावं लागणार, आणि आबा आयुष्यात कुणाच्या मागे बसले नव्हते. म्हणून ते ओरडत होते. मी म्हणावं “नाही लागला”, की त्यांचा पुढचा “आता?” आधीच्यापेक्षा जरा मोठा यायचा.

पाचोऱ्याहून बोलावलेला मिस्तरी मोपेडवरून आला. आधी त्याने डॅशबोर्डाखाली डोकं घालून फ्लॅशर बदलला. फ्लॅशर म्हणजे दिव्याला उघडझाप करायला लावणारी डबी. पुढचा उजवा दिवा घाईघाईने टिकटिकायला लागला, जणू त्यालाही एसटी गाठायची होती. मागचा गप्पच. मग त्याने मागचा बल्ब बदलला. गप्प. मग मागची सीट काढून अंगणात टाकली, सीटखालचा पत्रा काढला, वायरीचं भेंडोळं बाहेर ओढलं. इतकी वायर निघाली की धुळ्यापर्यंत कपडे वाळत घालता आले असते. शेवटी त्याने एक छोटा दिवा वायरीला लावून बघितला. तो लख्ख पेटला.

“करंट येतोय,” मिस्तरी म्हणाला.

“बल्ब?” मी.

“कोरा करकरीत.”

“मग लागत का नाही?”

मिस्तरीने घाम पुसला. “भाऊ, हा फॉल्ट दिव्याचा नाही, नशिबाचा आहे. गाडी माझ्याकडे लावा. बठ्ठी वायरिंग बदलू, पुढपासून मागपर्यंत. लग्नसराई आटोपली की बघतो.”

आणि त्याच लग्नसराईतल्या एका पंगतीला तो निघून गेला. आमच्या हातात काढलेली काच, जुना बल्ब आणि भेंडोळं. आबा पहिल्यांदाच ओरडले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटलं.

तेवढ्यात माय झाडू घेऊन बाहेर आली. दुपारपासून ती अशी कितीदा आली असेल, आणि अंगणातला पसारा बघून झाडू भिंतीला टेकवून परत गेली असेल. या वेळी झाडू हातातच ठेवून ती गाडीमागे आली. वाकली. उजव्या दिव्याखालून पत्र्यावर एक काळा ओघळ आला होता.

“हाऊ डाग कसाना शे?”

“ग्रीस असेल, माय. तू जा आत, ऊन आहे.”

तिने नखाने खरवडलं. “ग्रीस नही. चीक शे. केळना चीक.”

आता या बाबतीत मायशी वाद घालायचा नसतो. केळी कापून आलेल्या माणसांचे कपडे तिने जन्मभर धुतलेत. केळीचा चीक कापडावर पडला की वाळून काळा होतो, मग ते कापड फाटतं पण डाग जात नाही. आमच्याकडे कितीतरी माणसं त्यांच्या डागांवरून ओळखू येतात.

आणि मग माझ्या तापलेल्या डोक्यात उजेड पडला. गावातल्या प्रत्येक लग्नात नवरानवरी आमच्याच गाडीतून मिरवत. आबांना नाही म्हणता यायचं नाही. केळीवाल्यांचं लग्न, म्हणजे गाडीला केळीचे दोन ताजे खुंट हवेतच. पण नवरी उतरते डाव्या बाजूने. तिच्या शालूला चीक लागला तर दोन्ही घरांत कायमचं बोलणं बंद. म्हणून दोन्ही खुंट उजवीकडेच, मागच्या बंपरला, दिव्याला चिकटून बांधायचे, हा आमचा गावचा नियम. वर्षानुवर्षं त्या कापलेल्या खुंटांतून चीक ठिबकत होता, नेमका त्या दिव्यावर.

बॅटरीची वायर सोडली. दिव्याचे स्क्रू काढले तर दिवा पत्र्याला सोडेना, इतका चिकटलेला. ओढल्यावर मागे काळा, गुळासारखा थर निघाला, त्याखाली गंज. वायरीतून आलेला करंट बल्बातून जाऊन परत जायचा तो या पत्र्यातूनच. ती परतीची वाटच चिकाने बुजली होती. करंट नवरीसारखा वाजतगाजत यायचा आणि दारातच अडायचा.

मायने न सांगता रॉकेलची बाटली आणून ठेवली. मी सुरीने खरवडलं, रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, पॉलिश पेपरने घासून पत्रा रुपयासारखा काढला. रॉकेल वाळू दिलं. दिवा बसवला, बॅटरी जोडली. माझी पाठ तोवर माझी राहिली नव्हती.

“लागला का रे?” आबांनी विचारलं. ओरडून नाही.

पिवळा उजेड माझ्या तोंडावर पडायचा, जायचा, पडायचा.

“लागला,” मी म्हणालो. इतक्या थकल्या आवाजात, की त्यांचा विश्वासच बसेना.

“काय?”

“लागला, आबा.”

पोपट “नाही लागला” म्हणतच राहिला.

सीट कशीबशी आत कोंबून आबा गाडी घेऊन निघाले. आमची गल्ली सरळ आहे, पण ते उजवा दिवा लावूनच गेले, टिकटिक, टिकटिक, पार वेशीपर्यंत. माय धुरळा बसेपर्यंत तिकडे बघत उभी होती. पदराची गाठ मोकळी. मग खाली वाकून तिने झाडायला सुरुवात केली.

मी ओट्यावर आडवा झालो होतो. म्हटलं, “माय, तुला किल्ली हवी होती ना? दिवा लागला नसता तर तुझ्याकडेच राहिली असती. मग डाग दाखवलास कशाला?”

झाडू थांबला नाही.

“आंगन झाडनं व्हतं.”