एका स्क्रूखालच्या वायरी

पंच्याऐंशी साली मरोळला एका जिन्याखाली तो रेडिओ दुरुस्त करायचा. मी शिकलेला इंजिनिअर, पण हेडफोनसाठी घरी बनवलेल्या माझ्या अँप्लिफायरमधली घुरघुर तीन महिने जात नव्हती. त्याने मीटरला हातही लावला नाही. हेडफोन लावून डोळे मिटले, मग डब्याच्या पत्र्याला मी जागोजागी जोडलेल्या अर्थिंगच्या वायरी सोडवून सगळ्या एकाच स्क्रूखाली आवळल्या.

"मोरी एकच ठेवा, साहेब. जागोजागी पाणी सोडलं की घर ओलंच राहणार ना!"

घुरघुर गेली. कॅसेटमधल्या गायिकेने गाण्याआधी घेतलेला श्वासही ऐकू आला, आणि माझा नुसता जळफळाट झाला.

घरी बायकोने हेडफोन लावला. "अहो, जमलं की तुम्हाला!"

मी हसलो. त्याचं नाव मी मुद्दामच विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर तिला सांगावं लागलं असतं.