खिशांवरची नजर

एका मोठ्या कापडदुकानाच्या तळघरात भिंतभर लावलेल्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसायचं आणि गिऱ्हाइकांच्या हातांवर नजर ठेवायची, हे तिचं काम. दुकानात सगळे तिला 'घार' म्हणत आणि तिला ते मनातून आवडायचं. कोणाची पिशवी आत येताना सपाट होती आणि बाहेर जाताना फुगली, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. पण ही नजर ती संध्याकाळी दुकानात ठेवून निघत नसे, तिथे घोडं पेंड खायचं. शेजारीण जरा गोड हसली, की हिला आज काय मागायचंय, असं बाईंच्या मनात यायचंच.

अशी बाई कॉम्प्युटरवर बंदुकीचा खेळ खेळायची, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. कारण होता तिचा धाकटा भाऊ. नोकरीसाठी तो लांब गेला आणि फोनवरचं बोलणं आटलं. "जेवलास का?" "जेवलो. तू?" "हो. ठेवते मग." एवढंच. मग एका सुट्टीत त्यानेच तिच्या कॉम्प्युटरवर तो खेळ घालून दिला. आपापल्या घरून, एकमेकांशी बोलत खेळायचं: आपले तिघे, समोरचे तिघे, आणि मधे पडकी इमारत. रविवारी संध्याकाळी तासभर ती ओरडायची, हसायची, लहानपणी द्यायची तशा भावाला शिव्या द्यायची. त्या एका तासावर तिचा आठवडा निघायचा.

तिसरे होते भावाचे मित्र, दातांचे डॉक्टर. घार दर डावात सगळ्यात आधी मरायची. एका रविवारी त्यांचा धीर सुटला.

"ताई, राग मानू नका, पण तुमच्यामुळे आपण हरतो. महिन्याभरात जमलं नाही, तर तुमच्या जागी माझा मेहुणा येईल."

भाऊ त्यावर अवाक्षर बोलला नाही. डॉक्टरांपेक्षा तेच तिला जास्त लागलं.

तिने कंबर कसली. नेम झटक्याने भलतीकडे जाऊ नये म्हणून माउसचा वेग कमी केला. पावलं कुठून येतात ते कळावं म्हणून चांगले हेडफोन घेतले. रोज सरावाच्या मैदानात पुतळ्यांवर गोळ्या झाडल्या. आपण कसे मेलो, याचं रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा पाहिलं. आणि काय सांगावं, तिच्या गोळ्या लागायला लागल्या! माणसामागून माणूस आडवा.

"ताई, कमाल केलीत!" डॉक्टर म्हणाले.

दुसरी कोणी असती तर हवेत तरंगली असती. हिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सरावात पुतळा हलत नाही तरी आपला नेम चुकतो, मग रविवारीच कसा लागतो? कुठेतरी पाणी मुरतंय. पहिला संशय डॉक्टरांवर गेला. जिंकायची हौस त्यांनाच दांडगी. काहीतरी लबाडीचं सॉफ्टवेअर घातलं असेल.

एका कॅमेऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. खेळाचं रेकॉर्डिंग कोणत्याही खेळाडूच्या नजरेतून बघता यायचं. ती आजवर फक्त स्वतःच्याच नजरेतून बघत आली होती. तिने डॉक्टरांची बाजू उघडली. माणूस अगदी सरळमार्गी निघाला. मग भावाची बाजू उघडली आणि तिचा हात थबकला.

भाऊ वरच्या खिडकीत. समोरच्याला पायात गोळी, खांद्यात गोळी. तो अगदी मरायला टेकला, की भावाची बंदूक गप्प. मग खालून ताईसाहेब धावत येणार, एक गोळी झाडणार, आणि तो पडणार. पुढच्यालाही तेच. एकदा तर तिची वाट बघताना भाऊ स्वतःच मेला होता.

चोर सापडला की एरवी तिला बरं वाटायचं. आज तिने तेच रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

रविवारी डॉक्टर खेळात यायच्या आधीच तिने तोफ डागली. "इतके दिवस मला उष्टे शत्रू वाढत होतास?"

"काहीतरीच काय, ताई."

"दुसरा कॅमेरा बघितलाय मी."

मग तो म्हणाला, "काय करू मग? तुला काढलं असतं तर परत आपलं 'जेवलास का, ठेवते मग' सुरू झालं असतं. मला नको ते."

तिने डोळे पुसले. घरात कॅमेरा नव्हता, हे बरं होतं.

"अरे दीडशहाण्या, मग माझी चूक सांगायची!"

"सांगितली असती, तर तू म्हणाली असतीस, याचा काय डाव आहे?"

"बरं, आता सांग," ती म्हणाली.

"तू खिसे बघतेस. माणूस दिसला की तुझा नेम त्याच्या हातांवर, कमरेवर जातो. इथे कोणी काही चोरत नाहीये, ताई. तोंडाकडे बघ."

ती हसली. पण शेजारणीच्या तोंडाकडे आपण शेवटचं कधी बघितलं, ते तिला आठवेना.

डॉक्टरांना तिने सगळं खरं सांगून टाकलं आणि मेहुण्याला जागा दिली. मग भावाला बजावलं, "आता रविवारी आपण दोघंच, समोरासमोर. आणि दया दाखवलीस तर बघ, मी दोन्ही कॅमेरे तपासणार आहे."

पुढच्या रविवारी भावाने तिला उभं राहू दिलं नाही. ती मेली, परत मेली, मरतच राहिली. शेवटी भिंतीआड पावलं वाजली. तिने नेम डोक्याच्या उंचीवर धरला, तोंड दिसताच गोळी झाडली, आणि भाऊ आडवा.

तिने लगेच त्याची बाजू उघडून बघितली. भाऊ कोपऱ्यावरून वळताच तिच्यावर गोळ्यांचा पाऊस पाडत होता. एकही मुद्दाम चुकवलेली नव्हती. तिला मारायला त्याने जिवाचं रान केलं होतं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तिने फोन लावला.

"जेवलास का?"

"जेवण राहू दे! ताई, तू भिंतीआड आहेस हे मला कळलंच कसं नाही? आधी ते सांग."

ती खुर्ची ओढून नीट बसली आणि सांगायला लागली.