पत्र्यावरचे मामंजी

सूनबाईच्या खोलीत नवा टीव्ही लावलाय. “अजून डावीकडं!” ती आतून ओरडते, आणि गच्चीवर माझा मुलगा मुकाट्यानं डिश फिरवतो.

मला पाथर्डीतली आमची खोली आठवते. माझं नवं लग्न, मामंजींनी हौसेनं आणलेला टीव्ही आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. तापलेल्या पत्र्यावर अँटेना फिरवत मामंजी विचारत होते, “आलं का?”

चित्र लख्ख आलं होतं. पण सासऱ्यांना मोठ्यानं सांगायचं कसं? मी पदर सावरत गप्प राहिले आणि त्यांनी अँटेना पुढं फिरवली. चित्र गेलं.

शेवटी ते शिडीवरून डोकावले. “पोरी, वरड की! तू बोलल्याबिगर मला वर काय कळनार हाय?”

पुन्हा चित्र येताच मी ओरडले, “आलं!”

त्यानंतर त्या घरात मला कुणीच ‘हळू बोल’ म्हणालं नाही.