आलेखाखालचं नाव

"हिच्या वडलांचं कामशेतला भंगाराचं दुकान आहे. धातू हिच्या रक्तातच आहे!"

माझे पीएचडीचे सर म्हणाले आणि पाहुणे हसले. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. लोणावळ्यात तुंगार्लीला सरांचा बंगला. एका कंपनीची चार माणसं आमचं संशोधन बघायला आली होती. आमचं म्हणजे माझं.

लँथॅनम आणि निकेल वितळवून केलेला मिश्रधातू. हायड्रोजन पोटात धरून ठेवतो, तापवला की सोडतो. तीन वर्षं मी त्यात थोडंथोडं ॲल्युमिनियम मिसळून बघत होते. भुकटी हवेला लागली तर पेट घेते. म्हणून बंद पेटीत, जाड रबरी मोज्यांत हात घालून दिवसदिवस काम. बोटं सोलून निघायची.

सकाळी सरांचा फोन आला होता. "लोणावळ्याला ये. पाहुणे आहेत." वाटलं, बोलायला बोलावलंय. ड्रेसला इस्त्री केली, प्रयोगांची वही घेतली, गेले. कामाच्या मावशी आल्या नव्हत्या. मॅडमनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, हातात किटली दिली.

पडद्यावर माझा आलेख. खाली नाव दुसऱ्याचं. सरांच्या मित्राचा मुलगा, लॅबमध्ये येऊन चार महिने झालेला. तोच समजावून सांगत होता.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "पहिल्या वेळी धातूनं हायड्रोजन घेतलेलाच दिसत नाही. का?"

त्यानं सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे.

"सांग गं."

उत्तर जिभेवर होतं. धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, आधी तो फोडावा लागतो. सात वेळा तापवून मी तो फोडला होता. सांगितलं असतं तर शाब्बासकी मिळाली असती. मग मी कप गोळा केले असते.

ट्रे टेबलावर ठेवला.

"ज्यांचं नाव खाली आहे त्यांना विचारा, सर."

मग त्या बाई म्हणाल्या, "हे काम कुणाचं आहे?"

"माझं. वही आणलीय."

सर मला व्हरांड्यात घेऊन गेले. आवाज अजिबात चढवला नाही. "तुझ्या प्रबंधावर सही माझी लागते. विसरू नकोस."

घरी अब्बा तांब्याच्या तारा निवडत बसले होते. सगळं ऐकलं. म्हणाले, "त्यांच्या हातात समदं हाय. माफी माग अन् मोकळी हो."

"तुमी मागितली असती?"

त्यांनी हातातली तार गुंडाळून बाजूला टाकली. मग खालीच बघत म्हणाले, "म्या लय मागितल्या, बेटा."

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात सरांविरुद्ध लेखी तक्रार दिली.

त्याला आठ महिने झाले. लॅबची किल्ली काढून घेतली. मार्गदर्शक बदलायचा तर सरांचंच पत्र लागतं. सोडून जावं तर तीन वर्षं त्यांच्या घशात. बरोबरीचे जेवायला दुसऱ्या टेबलावर बसतात. मी रोज येते, लॅबबाहेरच्या बाकावर बसून प्रबंध लिहिते.

तक्रार मागं घे, सही मिळेल, असा निरोप दोनदा आला. दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा येईल. तेव्हाही नाहीच. पदवी अडवतील, अडवू देत. त्या आलेखाखाली माझं नाव लागल्याशिवाय मी इथून उठणार नाही.