तीन वेळा मोजलेला ओटा

खराडीतल्या बाराव्या मजल्यावरच्या त्या बाईंनी दार उघडलं, काकांच्या हातातला टेप बघितला आणि एकदम शांतपणे विचारलं, "अहो, माझं स्वयंपाकघर काय वाढत्या वयाचं आहे का?"

त्यांचंही बरोबर होतं. त्याच आठवड्यात सेल्सचा माणूस ओटा मोजून गेला होता. मग डिझाइनवाली मुलगी मोजून गेली. आणि आता फॅक्टरीतर्फे माप घेणारे काका, त्यांच्यासोबत मी. काकांनी चप्पल बाहेर काढली, "दहा मिनिटं, ताई," म्हणाले आणि खाली वाकले. टेपचं दुसरं टोक मी धरलं.

खरं तर मी टेप धरायच्या नोकरीत नव्हतो. आमची कन्सल्टिंग कंपनी खराडीतच, काचेच्या बिल्डिंगमध्ये, आणि मी तिथे प्रोबेशनवर. कामाचं नाव बिझनेस आर्किटेक्चर. बार्शीला घरी हे समजावताना मला घाम फुटायचा. म्हणजे असं, की कंपनी नेमकी कायकाय कामं करते ते आधी चौकटी काढून मांडायचं. ते कोण करतं, कुठल्या टेबलावर बसून करतं, ते नंतर. कंपनीला स्वतःत बदल करायचा असेल तर आधी एवढं तरी माहीत पाहिजे, असं आमच्या मॅडमचं म्हणणं. मॅडम कोथरूडच्या. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तू नकला छान करतोस असं ऐकलंय. क्लायंटकडे करू नकोस."

ऐकलं होतं म्हणजे काय, ऑफिसातल्या लिफ्टपासून एचआरपर्यंत सगळ्यांचे आवाज माझे काढून झाले होते. बार्शीत शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अख्खा वर्ग घरी पाठवलाय. सवय आहे हो, जात नाही.

तर क्लायंट होता बिबवेवाडीतला, किचन ट्रॉल्या बनवणारा. मालकांनी सुतारकामाच्या एका शेडपासून सुरुवात केलेली. मग आयटी आलं, आयटीवाल्यांचे टॉवर आले, आणि प्रत्येक फ्लॅटला ट्रॉल्या हव्या झाल्या. ऑर्डरी वाढल्या तशा तक्रारीही वाढल्या. मालकांना नवं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. मॅडम म्हणाल्या, आधी चौकटी. म्हणून मी काकांबरोबर फिरत होतो.

मोजून झाल्यावर लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरच्या एका आजोबांनी काकांना टेपवरच्या नावावरून ओळखलं. म्हणाले, तुमच्याच कंपनीचा ड्रॉवर सहा महिने खाली घासतोय, फोन करून दमलो. काका तसेच त्यांच्या घरी गेले, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, स्क्रू आवळले, ड्रॉवरची पट्टी सरळ केली आणि पाणी पिऊन निघाले. मी म्हटलं, हे कोणाचं काम? काका म्हणाले, कोणाचंच नाही, म्हणून तर मी केलं.

परतताना स्कूटरवर मागे बसून मी त्या बाईंचा आवाज काढला. वाढत्या वयाचं स्वयंपाकघर. काका इतके हसले की येरवड्याच्या सिग्नलला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. चहा पिता पिता मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या त्या चौकटींमध्ये माझी कुठली?"

काका फक्त मापं घ्यायचे. सेल्सवाले विकायचे आणि मोजायचे, डिझाइनवाले आखायचे आणि मोजायचे. काकांचं मात्र दिवसभर तेवढंच. रिटायरमेंटला थोडी वर्षं राहिलेली, मुलगी बारावीला. मी न विचार करता म्हणून टाकलं, "काय राव काका, तुमची चौकट सगळ्यात मोठी."

शुक्रवारी बिबवेवाडीत वर्कशॉप झालं. खाली करवत चालू, वर आम्ही. मालक, सेल्सचे मॅनेजर, डिझाइनची ती मुलगी, आणि फॅक्टरीतर्फे काका. मॅडमनी फळ्यावर 'माप घेणे' अशी एक चौकट काढली आणि हे काम कोणाचं ते विचारलं. मॅनेजर म्हणाले, आमचं, पण सगळ्यांच्या सहकार्याने. डिझाइनवाली म्हणाली, आमचं, अर्थात सेल्सची मदत असतेच. काका म्हणाले, आपलं सगळ्यांचंच की. मालकांनी विचारलं, म्हणजे मोजतो एकदाच ना? सगळे म्हणाले, एकदाच.

इतका गोडवा मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा बघितलेला नाही. अर्धा तास असाच गेला. मॅडमचा फळा चुकीचा भरत चालला होता. उठून मी फक्त बेल वाजवली. तोंडाने.

मग खराडीच्या त्या बाईंचं दार उघडलं. मग सेल्सचे मॅनेजर आत आले, माझ्या तोंडून, बाईंना सांगत, "मॅडम, आप टेन्शन मत लो, परफेक्ट होणार". मॅनेजर लाल झाले. मॅडमनी कपाळाला हात लावला. मी डिझाइनवालीचा आवाज काढला, मग काकांचा: "सेल्सचं माप आम्हाला मान्य आहे."

"मी असं म्हणत नाही," काका म्हणाले. "आवाज बरा काढलात. पण मी म्हणतो, सेल्सच्या मापावर आम्ही करवत चालवत नाही."

त्यावर मॅनेजर म्हणाले, आणि मीही टेन्शन मत लो म्हणत नाही, मी म्हणतो की डिझाइनवाले नंतर बघून घेतील. डिझाइनवाली म्हणाली, बघून कसलं घेतील, मला पहिल्यापासून मोजावं लागतं. विचारलं तेव्हा कोणी खरं बोलेना, पण चुकीची नक्कल कोणाला सहन होईना. पाच मिनिटांत ती एक चौकट तीन ठिकाणी जाऊन बसली.

सगळ्यात जास्त मालक हसत होते. मग ते थांबले.

"म्हणजे आपण एकच ओटा तीन वेळा मोजतो."

काकांनी टेबलावरचा टेप उचलून खिशात ठेवला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तो गोडवा कशासाठी होता. तिघांचं काम एक निघालं तर ज्याला दुसरं कामच नव्हतं असा माणूस एकच होता, काका, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. मालक म्हणाले, सोमवारी बोलू.

रिक्षात मॅडमनी आधी मला झापलं, मग म्हणाल्या की काम मात्र झालं. मी काकांचं विचारलं. "आपण कामं मांडतो, माणसं नाही," त्या म्हणाल्या. "पण मालक वाचताना माणसंच वाचतात."

शनिवारी मला जेवण गेलं नाही. मी आणि जेवण जाऊ नये, म्हणजे बघा. रूममेटने नक्कल करायला सांगितली तर मला एकही आवाज येईना. रविवारी मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, आपला चौकटींचा नकाशा 'ट्रॉल्या बसवणे' इथे संपतोय, त्यानंतर काय होतं ते तू कुठे पाहिलंस का? मी त्यांना आठव्या मजल्यावरचे आजोबा सांगितले. मॅडम म्हणाल्या, हे लिफ्टमध्येच का नाही फोन करून सांगितलंस, आणि फोन ठेवला.

सोमवारी पडद्यावर नवा नकाशा होता. सगळ्या चौकटी रंगवलेल्या, शेवटची पांढरी. तिच्यावर लिहिलेलं, 'बसवल्यानंतर बघणे'. मॅडमनी विचारलं, हे कोण करतं. या वेळी सहकार्य वगैरे शब्द कोणी काढला नाही.

मालक माझ्याकडे वळले. "तुम्ही सगळ्यांचे आवाज काढता. या चौकटीचा काढा बघू."

मी फोनची रिंग वाजवली. वाजवत राहिलो. उचलणारा कोणी नव्हता, म्हणून दमल्यावर थांबलो.

मालकांनी चष्मा काढून पुसला. सगळ्या तक्रारी शेवटी त्यांच्याच मोबाइलवर यायच्या, जेवतानासुद्धा. मग ते सरळ बोलले. माप डिझाइनवाले घेतील, एकदाच, आणि त्यावर फॅक्टरी करवत चालवेल. चुकलं तर डिझाइनने जबाबदारी घ्यायची. आणि ही पांढरी चौकट काकांची, हाताखाली एक माणूस देतो.

"म्हणजे आजवर मी मोजत होतो," काका म्हणाले, "आता लोकांची बोलणी मोजायची."

"जमेल का?"

"बोलणी काय, आत्ताही खातोच की," काका म्हणाले, आणि खिशातला टेप काढून डिझाइनवालीच्या पुढे सरकवला. ती घेईना, तर म्हणाले, घे गं, माझ्याकडे घरी आहे दुसरा.

माझ्या छातीवरून पाटा-वरवंटा उतरला. खाली आलो तर शेडच्या दाराशी काका स्कूटर पुसत उभे. मी जवळ गेलो तसं त्यांनी मान एका बाजूला टाकली, अगदी माझ्यासारखी, आणि बार्शीचा म्हणून कुठला तरी भलताच हेल काढला.

"काय राव काका, तुमची चौकट सगळ्यात मोठ्ठी."

नक्कल इतकी वाईट होती की मला राहवेना.

"मी असं म्हणत नाही, काका," मी म्हटलं.

"मग कसं म्हणता ते चहा घेता घेता सांगा," काका म्हणाले. "बसा मागे."